बँका एक्सएमएलवर आल्या. तुमच्या जावा कोडमधला सीडेटा कोण सांभाळतंय?

पॉडकास्टच्या ॲपमध्ये एखाद्या भागाचं वर्णन उघडलं आणि तिथे ‘गप्पा &एएमपी; गाणी’ असं काहीतरी दिसलं, हे तुमच्याही फोनवर कधीतरी झालं असेल. (स्क्रीनवर मधली अक्षरं इंग्रजी असतात. या लेखात कोडचे तुकडे आणि क्लासची नावं देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना ती इंग्रजीतच टाका.) आपण म्हणतो, ॲप बिघडलंय. बहुतेक वेळा ॲपचा काही दोष नसतो. कुठल्यातरी सर्व्हरवर एका प्रोग्रामने & हे चिन्ह एकदा गुंडाळायचं ते दोनदा गुंडाळलेलं असतं आणि तुमच्या फोनने प्रामाणिकपणे एकदाच उलगडलेलं असतं.

पॉडकास्टमध्ये हे चालून जातं. पण हाच घोळ पैशांच्या मेसेजमध्ये झाला तर? हा प्रश्न आत्ता विचारायचं कारण आहे. परदेशी पेमेंटसाठी बँका ज्या स्विफ्ट जाळ्यावरून एकमेकींना सूचना पाठवतात, तिथे मार्च २०२३ पासून जुनी एमटी पद्धत आणि नवी आयएसओ २००२२ पद्धत शेजारी शेजारी चालू होत्या. ही सवलतीची मुदत २२ नोव्हेंबर २०२५ ला संपली. नवी पद्धत म्हणजे एक्सएमएल. ‘एक्सएमएल मेलं, आता सगळं जेसन’ असं आपण कॉलेजपासून ऐकत आलोय आणि जगातल्या बँका मात्र नेमक्या उलट्या दिशेने गेल्या.

जुन्या एमटी मेसेजमधल्या नेहमीच्या अक्षरसंचात & ला जागाच नव्हती. नाव-पत्त्याला ३५ अक्षरांच्या चार ओळी मिळायच्या, त्यात कोंबा. नव्या रचनेत नावाला स्वतंत्र १४० अक्षरं आहेत, पत्त्याचे वेगळे कप्पे आहेत. जागा वाढली की माणसं त्यात काय वाटेल ते लिहिणार. मग ते सुखरूप पोचवायची जबाबदारी एक्सएमएल तयार करणाऱ्या कोडवर येते. बँकिंगमधला हा कोड बऱ्याच ठिकाणी जावामध्ये असतो. आणि जावाच्या टीममध्ये हा विषय निघाला की कोणीतरी हमखास म्हणतं, “सीडेटामध्ये टाक ना, विषय संपला.”

विषय तिथे संपत नाही, हेच आज बघायचंय.

सीडेटा म्हणजे नेमकं काय?

एक्सएमएलचं पहिलं अधिकृत रूप फेब्रुवारी १९९८ मध्ये आलं. त्यात < आणि & ही दोन चिन्हं राखीव आहेत. < दिसलं की टॅग सुरू झाला असं पार्सर समजतो, & दिसलं की काहीतरी गुंडाळलेलं आहे असं समजतो. म्हणून मजकुरात ही चिन्हं हवी असतील तर दोन मार्ग आहेत. एक, प्रत्येक चिन्ह एस्केप करा:

<नाव>पाटील &एएमपी; सन्स</नाव>

दुसरा, सगळा मजकूर सीडेटाच्या कंसात ठेवा आणि पार्सरला सांगा की आतलं जसंच्या तसं घे:

<नाव><![सीडेटा[पाटील & सन्स]]></नाव>

(टॅगचं नाव मराठीत ठेवलेलं एक्सएमएलला खरोखरच चालतं. सीडेटा हा शब्द मात्र इंग्रजी कॅपिटलमध्येच लागतो.)

आता महत्त्वाचं. वाचणाऱ्याच्या दृष्टीने या दोन ओळींचा अर्थ एकच आहे: ‘पाटील & सन्स’. याला पुरावा पाहिजे तर डिजिटल सहीचं उदाहरण घ्या. एक्सएमएलवर सही करण्याआधी तो एका ठरलेल्या साच्यात आणतात, त्याला कॅनॉनिकल रूप म्हणतात. हा नियम २००१ चा आहे आणि त्यात स्पष्ट म्हटलंय की सीडेटा काढून टाकून त्याजागी साधा एस्केप केलेला मजकूर ठेवावा. म्हणजे दोन्ही ओळींवरची सही तीच येईल. सीडेटा हे निव्वळ वेष्टन आहे. किराणा कागदी पुडीत बांधा की प्लॅस्टिकच्या पिशवीत, साखर तेवढीच.

या वेष्टनाला मर्यादाही आहेत. ते फक्त टॅगच्या पोटातल्या मजकुराला लावता येतं, ॲट्रिब्यूटला नाही. ही बारीक गोष्ट वाटेल, पण तुमच्या रोजच्या यूपीआयकडे बघा. एनपीसीआयने प्रसिद्ध केलेल्या तांत्रिक रचनेत यूपीआयचे मेसेज एक्सएमएलमध्ये आहेत, आणि पैसे पाठवणाऱ्याचं नाव किंवा तुम्ही ‘वडापाव & चहा’ म्हणून टाकलेली नोट ही त्यात ॲट्रिब्यूट म्हणून जाते. तिथे सीडेटाचा उपयोगच नाही. एस्केपच करावं लागतं.

दुसरी मर्यादा: सीडेटाच्या आत ]]> ही तीन चिन्हं ओळीने आली की सीडेटा तिथेच संपतो. सीडेटाच्या आत सीडेटा ठेवता येत नाही तो याचमुळे. तिसरी: एक्सएमएलला मुळातच न चालणारी कंट्रोल कॅरेक्टर सीडेटात टाकली म्हणून चालत नाहीत.

जावामध्ये लगाम कुठे आहे?

माझ्या पहिल्या नोकरीत एका ग्राहक कंपनीला रोज रात्री मालाची यादी एक्सएमएलमध्ये पाठवायची असायची. त्यांची अट होती, वर्णनाचा टॅग सीडेटातच पाहिजे. आम्ही जेएएक्सबी वापरत होतो. मी काय केलं? ऑब्जेक्टमध्ये वर्णन भरतानाच दोन्ही बाजूंना सीडेटाचे कंस चिकटवले. जेएएक्सबीने त्याचं काम चोख केलं: माझे कंसही मजकूर समजून एस्केप केले. मग मी आणखी हुशारी केली. तयार झालेल्या फाइलवर रिप्लेस चालवून सगळे एस्केप उलटे फिरवले. दोन आठवडे मस्त चाललं. मग यादीत एक केकचं दुकान आलं, ज्याच्या नावात <3 असं बदामाचं चिन्ह होतं. नाव सीडेटात नव्हतं. ते < उघडं पडलं, आणि एक्सएमएलमध्ये एक चूक म्हणजे पूर्ण फाइल बाद. एचटीएमएलसारखं सांभाळून घेणं तिथे नाही. त्या रात्री एका दुकानामुळे सगळ्यांचीच यादी अडकली.

यातून शिकलो ते असं: सीडेटा हवा की नको हा निर्णय मजकुरात मिसळायचा नाही. तो निर्णय एक्सएमएल लिहिणाऱ्या थराचा आहे, त्यालाच सांगायचा. जावामध्ये त्यासाठी सरळ जागा आहेत.

१. ट्रान्सफॉर्मर. माझी पहिली पसंती ही. आउटपुटकीजमध्ये ‘सीडेटा सेक्शन एलिमेंट्स’ नावाची सेटिंग आहे. तिला टॅगच्या नावांची यादी द्यायची, मध्ये स्पेस सोडून. त्या टॅगमधला मजकूर सीडेटात लिहिला जातो, बाकी सगळं नेहमीसारखं एस्केप होतं. लोक अडकतात ते नेमस्पेसपाशी. टॅग नेमस्पेसमधला असेल तर नुसतं नाव देऊन काही होत नाही. आधी महिरपी कंसात नेमस्पेसचा पत्ता, मग नाव, असं लिहावं लागतं. ‘सेटिंग केली पण सीडेटा येतच नाही’ असं झालं तर सगळ्यात आधी इथे बघा.

२. डॉम. डॉक्युमेंटवर क्रिएट-सीडेटा-सेक्शन ही मेथड आहे. एखाद्याच नोडला सीडेटा हवा, त्याच नावाच्या दुसऱ्याला नको, असं असेल तेव्हा ही बरी. डॉमच्या एलएस-सिरियलायझरमध्ये ‘स्प्लिट-सीडेटा-सेक्शन्स’ ही सेटिंग मुळातच चालू असते, मजकुरात ]]> आलं तर ती सीडेटाचे दोन तुकडे करते.

३. स्टॅक्स. एक्सएमएल-स्ट्रीम-रायटरवर राइट-सीडेटा आहे. फाइल मोठी असेल तर वेगवान. पण मजकुरात ]]> आहे का हे तपासण्याची हमी ही मेथड देत नाही. ते काम तुमचं. पद्धत ठरलेली आहे: जिथे ]]> असेल तिथे ]]]]><![सीडेटा[> असं लिहायचं. म्हणजे पहिले दोन कंस एका सीडेटात आणि > पुढच्या सीडेटात.

४. जेएएक्सबी. यात सीडेटासाठी प्रमाणित ॲनोटेशन नाही. एक्लिप्सलिंकच्या मॉक्सीमध्ये आहे, जॅक्सनच्या एक्सएमएल मॉड्यूलमध्येही आहे. तुम्ही जेएएक्सबीच्या मूळ अंमलबजावणीवर असाल तर ऑब्जेक्ट जेएएक्सबी-सोर्समध्ये घाला, ट्रान्सफॉर्मरला द्या आणि वरची पहिली सेटिंग लावा. पाच-सहा ओळींचं काम आहे.

चौथ्या मुद्द्यात एक जुनं दुखणं लपलंय. अनेक टीमनी पूर्वी जेडीकेच्या पोटातला एक अंतर्गत क्लास वापरून एस्केपिंगच बंद केलं होतं आणि कंस हाताने लिहिले होते. जेएएक्सबी जावा ९ मध्ये मोडीत काढायच्या यादीत गेलं आणि २०१८ मध्ये जावा ११ मधून बाहेर पडलं. त्याच्यासोबत ते अंतर्गत क्लासही गेले. पुढे जकार्ता ईई ९ मध्ये पॅकेजची नावंही बदलली. आज जावा ८ वरून पुढे सरकताना कित्येक प्रकल्प नेमके अशा जुगाडावर अडतात. एस्केपिंग बंद करणारा क्लास सापडला तर त्याला नवा पर्याय शोधू नका. तो काढून टाका.

आणखी एक गोष्ट. जावा ९ मध्ये ट्रान्सफॉर्मरच्या इंडेंटचं वागणं बदललं. काही आवृत्त्यांत सुबक मांडणी चालू केली की सीडेटाच्या आजूबाजूला नवी ओळ आणि स्पेस घुसायच्या. त्या स्पेस टॅगच्या मजकुराचाच भाग होतात. समोरच्याला ‘पाटील & सन्स’ऐवजी आधी एक रिकामी ओळ आणि मग नाव मिळतं, आणि नाव जुळत नाही. यंत्राने वाचायच्या फाइलला इंडेंट लागतच नाही. बंद ठेवा.

‘सीडेटात आहे, म्हणजे सुरक्षित आहे’

हा गैरसमज सगळ्यात महाग पडू शकतो. समजा, कोणी स्ट्रिंग जोडून एक्सएमएल बनवतंय: सुरुवातीचा कंस, अधिक युजरचा मजकूर, अधिक शेवटचा कंस. युजरने मजकुरात ]]> टाइप केलं की तो वेष्टनाच्या बाहेर आला. त्यापुढे तो स्वतःचे टॅग लिहू शकतो, उदाहरणार्थ एक जास्तीचा रकमेचा टॅग. पार्सरला तो टॅग तुमच्या कोडने लिहिला की युजरने, हे कळायचा मार्गच नाही.

दुसरा धोका वाचणाऱ्याच्या बाजूला आहे. सीडेटा अर्थ बदलत नाही, पण डॉममध्ये तो मजकुराचे वेगवेगळे नोड तयार करतो. ‘पाटील ’ साधा, ‘& सन्स’ सीडेटात, असं आलं तर जावाचा डॉम पार्सर मूळ सेटिंगमध्ये दोन नोड ठेवतो. कोडमध्ये ‘पहिला नोड घे आणि त्याची किंमत वाच’ असं लिहिलं असेल तर हाती येतं फक्त ‘पाटील ’. वर ]]> साठी सीडेटाचे दोन तुकडे केले ते आठवा, लिहिणाऱ्याने नियम पाळूनही असा वाचणारा अर्धाच मजकूर घेईल.

अर्धा मजकूर वाचणं किती भारी पडतं, ते फेब्रुवारी २०१८ मध्ये दिसलं. डुओ सिक्युरिटीने दाखवून दिलं की सॅमल पद्धतीने लॉगिन करणाऱ्या अनेक लायब्ररींमध्ये हीच चूक होती. सॅमल म्हणजे कंपनीच्या एकाच खात्याने सगळ्या ॲपमध्ये शिरायची सोय. तिचा निरोप सही केलेल्या एक्सएमएलमध्ये येतो. हल्लेखोर स्वतःचं खरं खातं काढतो, ज्याचं नाव बळीच्या नावाने सुरू होतं आणि पुढे त्याची स्वतःची शेपटी असते. खरी सही मिळवतो. मग नाव आणि शेपटी यांच्यामध्ये एक्सएमएलची रिकामी कॉमेंट टाकतो. कॅनॉनिकल रूपात कॉमेंट गळते, त्यामुळे सही बरोबरच ठरते. पण ॲप फक्त पहिला नोड वाचतं, म्हणजे कॉमेंटच्या आधीचं नाव. दार उघडतं ते दुसऱ्याच माणसाचं.

इथे कॉमेंटने जे केलं, म्हणजे मजकुराचे तुकडे, तेच सीडेटाही करतो. आणि ही जुनी गोष्ट म्हणून सोडून देता येत नाही. मार्च २०२५ मध्ये गिटहबच्या सुरक्षा गटाने रूबी-सॅमल या लायब्ररीतल्या त्रुटी जाहीर केल्या. तिथे एकाच लायब्ररीत दोन पार्सर होते आणि एकच एक्सएमएल त्यांना वेगवेगळा दिसू शकत होता. सही एकाने तपासली, मजकूर दुसऱ्याने वाचला. मूळ दुखणं तेच: एकाच कागदाकडे बघणाऱ्या दोघांचं एकमत नाही.

जावामध्ये वाचताना उपाय सोपा आहे. डॉममध्ये गेट-टेक्स्ट-कंटेंट वापरा. ते सगळे तुकडे जोडून देतं. किंवा डॉक्युमेंट-बिल्डर-फॅक्टरीवर सेट-कोअलेसिंग चालू करा, म्हणजे सीडेटा शेजारच्या मजकुरात विरघळतो. स्टॅक्समध्येही याच नावाची सेटिंग आहे, तीसुद्धा मुळात बंद असते.

मराठीसाठी सीडेटा लागतो का?

नाही. तरी हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलाय, कारण मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं आली की लोक सीडेटा लावून बघतात. प्रश्नचिन्हांचं कारण एन्कोडिंग असतं. वर एक्सएमएलमध्ये यूटीएफ-८ लिहिलेलं, पण फाइल लिहिणारा फाइल-रायटर मशीनच्या मूळ कॅरेक्टर सेटने लिहितोय. विंडोजवर तो सेट वेगळा निघायचा. मार्च २०२२ मध्ये जावा १८ आलं तेव्हापासून यूटीएफ-८ हाच मूळ सेट आहे, पण जुन्या जावावर चालणारे सर्व्हर अजून भरपूर आहेत. तिथे रायटरऐवजी आउटपुट-स्ट्रीम द्या आणि एन्कोडिंग एक्सएमएलच्या लायब्ररीला ठरवू द्या.

उलट सीडेटामुळे मराठीचं नुकसानच होऊ शकतं. आउटपुट ॲस्कीमध्ये असेल तर ‘म’ हे अक्षर &#2350; असं आकड्याने लिहावं लागतं. पण सीडेटाच्या आत हा आकडा उलगडला जात नाही, तो तसाच दिसतो. त्यामुळे लिहिणाऱ्याला दर मराठी अक्षरापाशी सीडेटा बंद करून बाहेर येणं भाग पडतं. मग एका नावाचे किती नोड होतील आणि पहिलाच नोड वाचणाऱ्याच्या हाती काय लागेल, ते तुम्हीच मोजा.

मग वापरायचा कधी?

माणूस हाताने एक्सएमएल लिहितो तिथे सीडेटा खरंच सोयीचा. अँड्रॉइडच्या स्ट्रिंग्जच्या फाइलमध्ये एचटीएमएलचा तुकडा टाकायचाय, आरएसएस फीडमध्ये भागाचं वर्णन टाकायचंय, व्हिडिओ जाहिरातींच्या व्हास्ट फाइलमध्ये & ने भरलेल्या लिंक द्यायच्यात: डोळ्यांना वाचायला बरं पडतं. समोरच्याच्या करारात ‘सीडेटाच हवा’ असं लिहिलं असेल तेव्हाही द्यावाच लागतो. पण ती अट आली की मी आता एक प्रश्न विचारतो: तुमच्याकडे पार्सर आहे की तुम्ही स्ट्रिंग कापून वाचता? कारण खऱ्या पार्सरला दोन्ही ओळी सारख्याच दिसतात. ज्याला फरक पडतो, तो एक्सएमएल वाचत नसून कंस शोधतोय. अशा वाचणाऱ्याला ]]> असलेला एक नमुना मजकूर पहिल्याच दिवशी पाठवून बघा. उत्तर पैसे अडकल्यावर कळण्यापेक्षा तेव्हा कळलेलं बरं.

आणि चाचणीसाठी वेगळं काही लागत नाही. चार नावं पुरतात: एकात &, एकात <3, एकात ]]>, आणि एक संपूर्ण मराठी. ही चारही नावं तुमच्या कोडमधून बाहेर पडून, समोरच्या टोकाला पोचून, अक्षर न अक्षर तशीच परत वाचता आली, तर आत सीडेटा आहे की एस्केप याची चिंता करायचं कारण नाही. एकही नाव बदललं, तर सीडेटा लावून ते झाकू नका. कोड कुठे हाताने स्ट्रिंग जोडतोय ते शोधा.